निशाणी बांगडी

कोठीच्या दफ्तरखान्यात मी मोडी वाचते.
एकोणीस वर्षं झाली.
रेघ आधी ओढलेली, मग तिला लटकवलेली अक्षरं,
लेखणी न उचलता पळत सुटलेली.
वकील येतात, पाटीदार येतात,
"बेन, जरा जोई आपो ने,"
आणि मी त्यांच्या पणजोबांचं म्हणणं
त्यांना वाचून दाखवते.

मार्चमध्ये तिबिलिसीहून करार आला.
बावीस पानं. डावीकडे इंग्रजी,
उजवीकडे त्यांची लिपी, काकडीच्या वेलाचे ताणे जणू.
कागद दिव्यासमोर धरला, सवयीनं तिरकाही केला.
एक अक्षर लागलं नाही.
माझं मूल वाढवणारी बाई
उजवी बाजू वाचून सही करणार होती.
मी डावी.

हेरंबनं वाघोडिया रोडचा प्लॉट विकला.
नोटरी म्हणाला, "शानुं छे आ?"
हेरंब म्हणाला, "एक्स्पोर्टनुं."
शिक्का बसला.
रावपुऱ्यापर्यंत आम्ही बोललो नाही,
मग स्कूटरवर मागे बसल्या बसल्या
मला हसू फुटलं, आणि थांबेना.
हेरंबला वाटलं, रडतेय. त्यानं स्कूटर बाजूला घेतली.

इथे हे मायेपोटीच मागावं लागतं,
पैसे देऊन नाही. कायदा मी वाचलाय, सगळा.
मायेपोटीही मागून पाहिलं, एकदा, चुलत नणंदेकडे.
तिनं फोन ठेवला नाही.
नुसती मागे कुकरची शिट्टी ऐकू येत राहिली,
तीन झाल्या, मग मीच ठेवला.

नातिया तिचं नाव. दोन मुलगे आहेत.
तिचं घड्याळ आमच्या दीड तास मागे.
आम्ही जेवून उठतो तेव्हा ती चुलीशी उभी असते,
माझ्या ताटातलं काहीच तिच्या पोटात जात नाही,
आणि तरी.

सासूबाईंनी विचारलं, "तिला डोहाळे कसले?"
आंबट आलुबुखारांची चटणी, मी म्हटलं,
बरणीतून, नुसती, चमच्यानं.
त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"इथूनही कुणीतरी खायला हवं."
कमाटीबागेच्या फाटकापाशी
कमरखं घेतली, मीठ-तिखट लावून.
पुडी संपवली. दात आंबले.
चाळिशी ओलांडलेली, गर्भपिशवी काढलेली बाई
भर रस्त्यात आंबट खातेय,
लारीवाल्यानं वर पाहिलंही नाही.

त्याच आठवड्यात एक दत्तकपत्र आलं वाचायला.
घेणाऱ्यांची नावं तपशीलवार, बिरुदांसकट, दीड ओळ.
देणाऱ्या आईचं तळाशी:
*सगुणा, निशाणी बांगडी.*
लिहिता न येणाऱ्या बाईनं
बांगडी शाईत बुडवून टेकवलेली,
वाटोळी रेघ, एका जागी न मिळालेली.
पक्षकाराला म्हटलं, बाकी सगळं लागलं.
ती रेघ मात्र मी त्याला वाचून दाखवू शकले नाही.
त्यानंही विचारलं नाही, त्याला जमिनीचं हवं होतं.

रविवारी व्हिडिओ कॉल. माझा भाऊ विहंग आलेला.
नातिया हेरंबकडे बघून म्हणाली, "मामा."
विहंग उडालाच, "अगं, मामा मी!"
लाली, मधली दुभाषी बाई, हसत म्हणाली,
त्यांच्याकडे बापालाच मामा म्हणतात.
"आणि आईला?" मी विचारलं.
खरं तर विचारायचं नव्हतं.

"देदा," नातिया म्हणाली,
आणि बोट फोनला टेकवलं.
तिच्या फोनवर मी मोठी असणार, पडदाभर,
आणि ती स्वतः कोपऱ्यात, सुपारीएवढी.
बोट कुणावर टेकलं
ते इकडून दिसत नाही.
बोट चौकटीबाहेर गेलेलं.
दिसत होतं मनगट,
आणि त्यावर खाली सरकलेलं
चांदीचं पातळ कडं,
उघड्या तोंडाचं.