करवतकाठी

"फुलसुंदर कोण? आत या."
टोकन सव्वीस. बिल्ला हाताच्या घामानं ओला.
प्रभात रोडच्या गल्लीत पहिला मजला,
खिडकीकडच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या,
माणसं भिंतीला टेकून, उजेडाकडे पाठ करून बसलेली.

डॉक्टर शिराळकर वयानं माझ्या भाचीएवढ्या.
"दुखायच्या आधी काही दिसतं का?"
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कुठं दुखतं ते विचारतात.
मी म्हटलं, काठ दिसतो.
"काठ?"
करवतकाठी. साडीचा.
लक्ष्मी रोडला दुकानात असतो मी, काउंटर तीन,
दिवसाला साठ-सत्तर साड्या उलगडतो
आणि पंचावन्नांच्या परत घड्या घालतो.
आधी डाव्या कोपऱ्यात एक दात चमकतो,
मग दुसरा, मग अख्खा काठ सरकत येतो
गिऱ्हाइकाच्या तोंडावरून.
अर्धं तोंड दिसतच नाही.
मी उरलेल्या अर्ध्याशी बोलतो,
रंग जाणार नाही, ताई.
वीस मिनिटं. मग काठ जातो
आणि उजव्या डोळ्यामागं कुणीतरी सुतळी पिळायला घेतं.

त्यांनी कागद सरकवला. काढून दाखवा.
काढला. बरा आला.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. असाच असतो."
असाच असतो.
दोन शब्दांवर रडू यायचं काय कारण होतं?
पण रुमाल काढला खरा.

मग झोप किती, चहा किती, उपास करता का,
लग्नसराईत जेवण वेळेवर होतं का, दुकानातले दिवे—
दिवे, हो. शेठनी दिवाळीत चाळीस नवे लावले,
जरीकाम उठून दिसतं म्हणून.
"घरात आणखी कुणाला?"
मी म्हटलं, नाही.
त्यांनी लिहिलं, नाही.

जिन्यात आठवलं.
नाना पेठेत दोन खोल्या. आई उजाडायच्या आत
दाराकडे पाठ करून जिलबी खायची. एकटी.
अर्धशिशीवर उतारा, असं कुणीतरी सांगितलेलं.
मला वाटायचं, कुठंतरी एक शिशी आहे, अर्धी,
भरली की थांबेल.
मला वाटायचं, हिची मजा आहे.
दुपारी डोक्याला फडकं आवळून ती कोपऱ्यात पडायची
आणि मी उंबऱ्यावर बसून
बॅटरीचा सेल पत्र्याच्या डब्यावर आपटायचो,
मुद्दाम,
जिलबी दिली नाही म्हणून.
वडील म्हणायचे, नाटकं.
मीही शिकलो तो शब्द, त्याच सुरात.

परत वर गेलो. रिसेप्शनच्या पोरीला म्हटलं,
ते एक 'नाही' खोडायचंय.
"काका, फाइल आत गेली. पुढच्या वेळी सांगा ना."
पुढची वेळ सहा आठवड्यांनी.

डायरी दिलीय. रकाने छापलेले:
तारीख, वेळ, काय खाल्लं, दहापैकी किती दुखलं.
काउंटरखाली धरून पहिली ओळ भरली.
तारीख आठवत नाही, शहाऐंशी साल असावं.
पहाट.
जिलबी.
दहापैकी—

तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, ती वरची काढा हो,
नाही, तिच्या खालची, मोरपिशी,
आणि मी उलगडली.