तिकीटखिडकीतून

इझिडोर पेल्त्झ, निर्माता.
ब्रॉडवेच्या आडगल्लीत दारावरची पाटी खडूची;
भाडं थकलं की तोच पुसायचा.
अकरा नाटकं काढली. नऊ पडली.
शनिवारी गल्ला मोजताना मी नाणी
हळूहळू सरकवायचे,
जास्त वाटावीत म्हणून.

ते गाणं त्यानं कोळशाच्या बिलामागे लिहिलं.
प्रकाशक म्हणाला, चाळीस डॉलर, कायमचे.
कोरसच्या पोरींचा पगार भागला त्यात,
ट्रॉम्बोनवाल्याचा नाही.

मग जो तो तेच गुणगुणायला लागला.
एकदा न्हाव्याकडे, अर्धी दाढी फेसात,
हा खुर्चीतून वळला म्हणे:
"शब्द म्हण की रे!"
न्हावी हसला,
शीळच घालत राहिला.

बिल अजून माझ्याकडे आहे.
कोळसेवाल्याचे सव्वासहा
बाकी.