शहात्तर दिवस

पुन्हा कल्ल्याशी पांढरे ठिपके,
तळणीआधी रवा लावावा तसे.
तिसरी खेप.

मासा आता धुण्याच्या टबात,
तांब्याचं औषध थेंब-थेंब मोजून.
काचेची पेटी रिकामी, दिवा मात्र चालू.
परजीवी उपाशी मरायला शहात्तर दिवस;
कॅलेंडरवर आज चौदावी फुली.

टोपली टेकवून रुक्मा तारी हसते:
“एक मासो टबात, दुसरो तव्यार,
कसा रे जमता तुका?”

जमत नाही.
दांडीच्या किनाऱ्यावरून ती बादली
मीच आणली होती, न गाळता.

समुद्रातही असतो हा रोग.
पण तिथे त्याच्यापासून
पोहत लांब जाता येतं.

रात्री भरतीचा आवाज घरात शिरतो.
मासा टबाच्या कडेला अंग घासतो
आणि माझी मान
खाजायला लागते.