एक जून

शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा?
आई म्हणाली, मार्कंडेयाच्या रथाच्या आधी,
मिल बंद होती त्या साली.
गुरुजींनी एक जून लिहून टाकलं.
आमच्या वर्गात तेवीस जण एक जूनचे.

आता मी हत्तुरे मॅडमच्या हाताखाली
दगडांच्या जन्मतारखा काढतो.

अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडे बोअर घेतली.
तीनशे चाळीस मीटर नुसता काळा पत्थर,
लाव्ह्याच्या घडीवर घडी, चादरी रचाव्यात तशा,
आणि मग नळीतून सरकत आला
गुलाबी ग्रॅनाइट.
ड्रिलवाला म्हणाला, याचा ओटा झकास होईल.

मी तो पोलादी खलात कुटला,
चाळला, पाण्यावर पाखडला,
चुंबक फिरवून लोखंड वेगळं काढलं.
पोतंभर दगडाचं
बोटाच्या नखावर मावेल एवढं उरलं.
त्यातून सुईच्या टोकानं
एकेक झिरकॉन उचलायचा.
यंत्रमागावर बारा वर्षं तुटला धागा हुडकला,
डोळे तेच.
मॅडम म्हणतात, यादगिरी, तुझा हात हलत नाही.

दाणे हैदराबादला गेले.
युरेनियम किती, त्याचं शिसं किती झालं,
आकडे पावसाळ्यानंतर आले:
अडीचशे कोटी वर्षं,
चाळीस लाख इकडे-तिकडे.

मला हसू आलं.

मग मॅडमनी पडद्यावर एक दाणा दाखवला.
कांद्यासारखे पापुद्रे,
आणि मधे गर, वेगळाच, थोडा झिजलेला,
तीनशे वीस कोटींचा.
खाली, फार खाली, एक जुना खडक वितळला, त्या म्हणाल्या.
हा तेवढा वितळला नाही.
रस वर चढला, वरच्या खडकात घुसला, थिजला.
पुस्तकात याला अंतर्वेशी म्हणतात.
घुसखोर म्हणा की, मी म्हणालो.

तारीख कोणती धरायची?
दोन्ही लिही, त्या म्हणाल्या.
एक इथे थिजला ती,
एक कुठून आला ती.

वहीत दोन रकाने आखले.
बाहेर होटगीकडची मालगाडी गेली,
टेबल थरथरलं, दाणे जागचे हलले,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

मी भांडतो मराठीत, हिशेब मराठीत,
पोरीला अभ्यास सांगतो तोही मराठीत.
पण एकटा असलो, सुई हातात असली,
की ओठ आपोआप पुटपुटतात
आजोबा सूत मोजायचे तसं:
ओकटी, रेंडू, मूडू.

मॅडम दारात उभ्या होत्या.
काही बोलल्या नाहीत.
दिवा जरा जवळ सरकवून गेल्या.