पावणेतीन मीटर

रुवीच्या मागच्या गल्लीत, नियामतच्या दुकानाबाहेर
खुर्ची उघडी बसली आहे फुटपाथवर.
अंगावर चिंधी नाही,
नुसती शिसवी हाडं आणि पोटातला काथ्या.
येणारे-जाणारे नजर चुकवतात,
किंवा मलाच तसं वाटतं.

मत्राहच्या एका बंद पडलेल्या पेढीतून आणली तिला.
पंचेचाळीस रियाल, जिना उतरवायचे पाच वेगळे.
विकणारा खलफान म्हणाला, कुर्सी.
मी म्हणाले, खुर्ची.
दोघांनाही वाटलं, समोरच्याचा उच्चार जरा चुकतोय.

नियामत मुलतानचा. ओठांत खिळे धरून बोलतो,
त्यामुळे प्रत्येक शब्द जपून बाहेर येतो.
काल त्यानं एकेक थर सोलला:
वर तपकिरी रेक्झिन, टाचेसारखं भेगाळलेलं,
खाली विटकी हिरवी मखमल,
तिच्याखाली निळ्या पट्ट्यांचं जाडंभरडं सुती कापड,
जिथे ऊन पोचलं नाही तिथे अजून कोरं.
आणि अगदी तळाशी
खजुराची एक बी,
बोटभर पेन्सिलीचं थोटूक,
कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण.
"किसी का माल नहीं," म्हणाला
आणि तिन्ही वस्तू चहाच्या बशीत ठेवल्या.
फेकल्या मात्र नाहीत.

यशोधनला सोहारला फोन केला.
"काहीही घे, डाग दिसला नाही म्हणजे झालं."
डाग पाडायला तरी
तो गुरुवारी रात्रीच घरी येतो.

हंसराजशेठच्या दुकानात एसीखाली बादली ठेवलेली,
त्यात थेंब पडतो, मग बराच वेळ पडत नाही.
नमुन्यांची पुस्तकं मांडीवर घेऊन
मी पानं उलटते आहे:
बदामी, वाळूचा, पुन्हा बदामी.
भाड्यानं घेतलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीचा रंग.
राखाडी दाताच्या दवाखान्याचा.
मोरपंखी छान आहे, पण सारखं
कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटेल.

"हे घ्या बेन, एक लाख घासण्या सोसतं.
मशीनवर तपासलेलं."
मी पोटापाण्यासाठी हिशेबच करते.
दिवसाला वीस उठबशा धरल्या
तर तेरा वर्षं आठ महिने.
आमचा व्हिसा दोन वर्षांचा,
त्यातले सात महिने बसून झाले.
लाखातल्या उरलेल्या घासण्या
मागाहून कुणाच्या नावे लिहायच्या?

मला हवा होता आमसुली.
तो हिंदीत कसा सांगायचा?
जांभळा नाही, काळा नाही, मरून तर नाहीच.
शेवटी हातानं करून दाखवलं:
वाटीत पाणी, पाण्यात साल,
आणि सालीच्या कडेनं सुटत जाणारा तो...
"कोकम!" शेठ ओरडलेच.
शिडी चढले, सत्तरीचे गुडघे कुरकुरले,
आणि वरच्या फळीवरून धुळीसकट
एक तागा काढला, तळाला लागलेला.

अडीच मीटर.
नियामतनं सांगितलेलं पावणेतीन.
शेठनी दोनदा मोजलं,
दुसऱ्यांदा कापड जरा ताणून,
तरी अडीचच.

नियामतनं टेप गळ्यात टाकला, डोकं खाजवलं.
"पाठीमागे कौन देखता है?
पीठ तो दीवार की तरफ़ होगी."
मग त्या निळ्या पट्ट्यांच्या सुती कापडाचा
धड राहिलेला तुकडा झटकला,
उन्हात धरला, हुंगला,
आणि मागच्या चौकटीवर लावून पाहिला.
बसला. दोन बोटं उरलासुद्धा.

अस्रची अजान झाली. तो जाऊन आला.
बशी उचलली,
बी, थोटूक, बटण
काथ्यात होतं तिथंच सरकवून दिलं,
आणि माझ्याकडे बघत थांबला.
काही बोलला नाही, तोंडात खिळे होते.

पर्समध्ये सापडली एक पेट्रोलची पावती,
अर्धी पुसलेली,
आकडा तेवढा वाचता येत होता.
दिली.