सात नंबरची पेटी

एकूण चौदा पेट्या. बारा खांबांवर, एक शाळेच्या गच्चीवर,
एक वजनकाट्याच्या छपरावर, जिथं भंगाराचे ट्रक
रात्रभर आपला भार सांगून आत जातात.
खांबांवरच्या बारांतली ही सात नंबरची
सोजरबाईच्या न्हाणीमागं,
दोन क्लॅम्पांनी आवळलेली.

दर मंगळवारी मी शिडी घेऊन जालन्याच्या या टोकाला येते.
जाळी ब्रशनं झाडते.
आत बोटभर पंखा हवा ओढतो,
उजेडाची एक बारीक रेघ,
रेघेत कण चमकला की मोजला.
एवढंच.
पेटीला वास येत नाही, ठसका लागत नाही,
जस्त जळताना जिभेवर येणारी गोडसर चव
तिला ठाऊक नाही.
ती आकडा पाठवते. दर दोन मिनिटांनी.

रात्री वीज स्वस्त, म्हणून भट्ट्या रात्री.
साडेबारानंतर पडद्यावरची रेघ
शेळीसारखी बांधावर चढते,
चारला उतरते.
सकाळी पाहणीला कुणी आलंच
तर चिमणी न्हाऊनधुऊन बसलेली.

तेरा पेट्या हे सांगतात.
सातवी मात्र मे महिनाभर सपाट,
जणू तिची बदली महाबळेश्वरला झालीय.
देगलूरकर सर म्हणाले, सेन्सर गेला असेल,
नाहीतर कारखान्याचा कुणी हात मारून गेला. फोटो काढ.

फोटो काढला.
जाळीवर ओलं फडकं. चौपदरी घडी,
सुतळीची सुरगाठ.

खालून सोजरबाई, हात भंगाराच्या गंजानं तांबडे:
"म्याच बांधलं, माय. रातभर घरघर करतंय ते.
मह्या बारक्याच्या नाकाला बांधते ना, तसंच.
सांजच्याला भिजवते, सकाळी पिळते.
काहून, चुकलं का?"

शिडीवरून काय सांगावं?
म्हणाले, मावशी, त्याला धूळ खाऊ द्यावी लागते.
खाल्ली तरच ते बोलतं.
ती बराच वेळ वर बघत राहिली,
पेटीकडं की माझ्याकडं, कळलं नाही.
"बरं," म्हणाली, "सोड मग.
फडकं दे इकडं, बारक्याला एकच हाय."

आतला पदर अजून पांढरा होता.
बाहेरचा, उन्हात धरला तर
बारीक बारीक चकाकत होता.

त्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
सातवी बाकीच्या तेरांपेक्षा वर गेली.
भाड्याच्या खोलीत, मोबाइलच्या उजेडात
मी आकडा बघितला, मग खिडकी लावली,
मग उघडली.

दुरुस्तीच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
बिघाडाचं कारण.
पर्याय चारच. पाणी, पक्षी, वीज, छेडछाड.
देगलूरकर सरांचे तीन फोन येऊन गेले.
फॉर्म अजून उघडाच आहे.