डेड झोन

पेलोतासमध्ये जूनचं धुकं खिडकीला चिकटलेलं,
आणि बाबा म्हणतात, चित्र फारच स्वच्छ आहे,
हे आपलं नव्हे.

चाळीस वर्षं या माणसानं
लोकांच्या टीव्हीवरच्या रेघा घालवल्या,
रोज कथिलाचा वास अंगावर घेऊन घरी आला,
आता मला सांगतो, जुरेमा, रेघा घाल.
मी व्हिडिओत जाते. स्कॅनलाइन: चालू.
चार बाय तीन. कडा जरा फुगीर.
"अजून थोडं बिघडव."

आवाजाचं वेगळंच.
उडी आधी, तिचा टुण्ण मागाहून.
बफर चौसष्टवर आणला तर खरखर,
शहाण्णववर पुन्हा उशीर.
ते मान तिरकी करून ऐकतात,
नादुरुस्त सेटच्या पाठीला कान लावावा तसे.
ऐंशी. राहू दे.

मग कंट्रोलर.
त्यांच्या हातात दिला, आणि पडद्यावरचा छोटा गडी
कुणी न सांगता डावीकडे चालू लागला,
थेट खड्ड्यात.
पुन्हा खड्ड्यात.
बाबा अंगठ्याकडे बघत राहिले.
डॉक्टरांनी सांगितलेलं नाव
आम्ही दोघंही घरात उच्चारत नाही.

इनपुटमध्ये अगदी खाली एक पट्टी असते:
किती थरथर मोजायचीच नाही, ते ठरवणारी.
दहा टक्के. वीस.
अठ्ठावीसला गडी थांबला,
काठावर, पाय हलवत.

"काय केलंस?"
काही नाही, म्हटलं, वायर सैल होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कंट्रोलरला वायर नव्हती.
"सैलच असते," म्हणाले,
आणि उजवीकडे निघाले.